रानपिंगळा आणि आमचा वाटाड्या
(गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद वाटायचा आहे आणि आमच्यानंतर मुलांचे नाच आहेत. त्यामुळे आमच्याकडे किती वेळ आहे याची आम्हाला कल्पना आहे. कार्यकारिणीने विषय दिला तो ‘पक्षी बघण्याच्या सहली’. त्याचे कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या एका सभासदाचा अमेरिकेतला पुतण्या कोस्टा रिकाला जाऊन आला आणि त्याने पाठवलेले फोटो आपल्या ग्रुपवर आठवडाभर फिरले. हातभर चोचीचा टुकान, हिरव्या लांब शेपटीचा क्वेट्झल. कुणीतरी लिहिले, “आपल्या नशिबी फक्त कबुतरे आणि मिलचा धूर.” त्याला उत्तर द्यायला म्हणून आम्ही इथे उभे आहोत.

आम्ही म्हणजे सहा जण. दोघे सरकारी नोकर, डिप्लोमा करून रस्ते आणि नाल्यांची मापे घेण्यात ज्यांचे केस पांढरे झाले. दोघे प्रोसेस मिलमध्ये, एक शाळेत, एकाचे कडोदऱ्याला दुकान. आमच्यापैकी कुणी पक्षितज्ज्ञ नाही. गेली सात वर्षे हिवाळ्यात दोन-तीन रविवार आम्ही डांगच्या जंगलात जातो, एवढाच आमचा अधिकार. सरकारी सवयीने आम्ही मेजरमेंट बुकासारखी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. घरची मंडळी तिला एम.बी.च म्हणतात. आज जे बोलणार ते त्या वहीतले.

आधी परदेशाचे बोलू. कोस्टा रिका हा देश आपल्या गुजरातच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा. सैन्य त्यांनी १९४८ साली बरखास्त केले. एवढ्याशा देशात पक्ष्यांच्या नऊशेहून जास्त जाती आहेत, कारण तिथे बारमाही पावसाचे जंगल आहे. पण तेही फुकट राहिलेले नाही. एके काळी गुरांच्या कुरणांसाठी तिथे भराभर जंगल तोडले गेले. मग नव्वदच्या दशकात सरकारने कायदा करून झाडे उभी ठेवणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा हिरवा आहे, आणि जंगल बघायला येणारा पाहुणा हा तिथल्या खेड्यांचा मोठा आधार आहे.

इक्वेडोरमधला एक शेतकरी तर जगभर प्रसिद्ध आहे, आंहेल पाझ त्याचे नाव. त्याच्या रानात जमिनीवर फिरणारा, सहसा कुणाला न दिसणारा एक लाजाळू पक्षी होता. या गड्याने त्याला गांडुळे घालून माणसाळवले, एका मादीचे नाव मारिया ठेवले आणि हाक मारली की ती झाडीतून बाहेर यायची. तिला बघायला लोक विमानाने आले. मारिया पैसे मिळवून देऊ लागली तेव्हा तिचे रानही वाचले.

आता आपल्याकडे या. सदाहरित म्हणावे असे जंगल आपल्या मराठी मुलखातही आहे. आंबोली, तिलारी, गोव्यातले मोले. तिथे महाधनेश आहे, कर्णा आहे, आणि पावसाळ्यात कोकणात घरटे करायला येणारा, सगळे रंग एकदम सांडल्यासारखा दिसणारा तिबोटी खंड्या आहे. पण पलसाण्याहून ते लांब. आपल्याला जवळचे म्हणजे डांग. सह्याद्रीचे उत्तर टोक. साग आणि बांबूचे पानगळीचे जंगल, पावसाळ्यात असे की छत्रीचा उपयोग नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये असे की सागाच्या वाळक्या पानावर पाय पडला तर पापड मोडल्यासारखा आवाज होतो. नवसारीजवळून समुद्राला जाणारी पूर्णा नदी याच जंगलातून येते आणि तिच्याच नावाचे पूर्णा अभयारण्य तिथे आहे. पहाटे निघालो तर उजाडायच्या सुमारास आपण तिथे असतो.

पहिल्या वर्षी आम्ही वाटाड्याशिवाय गेलो. आमच्या वहीत त्या दिवशी नऊ पक्षी आहेत, त्यात कावळा आणि साळुंकी धरून. दुसऱ्या वेळी जंगलाकडेच्या गावातला एक तरुण बरोबर घेतला. त्याच वाटेवर, तेवढ्याच वेळात अडतीस. पक्षी तेच होते, आम्हाला फक्त दिसत नव्हते.

मुलांनो, वाटाड्या काय करतो ते नीट ऐका. तो आधी बघत नाही, आधी ऐकतो. आपल्या बाप्पाकडे बघा, कान सुपाएवढे आणि डोळे बारीक. पक्षी बघणाऱ्याला हेच लागते. आमचा वाटाड्या चालता चालता थांबतो आणि बोट वर करतो. आम्हाला नुसती किलबिल ऐकू येते. त्याला त्यात टकाचोर वेगळा, हळद्या वेगळा, सुतार वेगळा ऐकू येतो. लहान पक्षी एका झाडाभोवती जमून कल्ला करायला लागले की तो म्हणतो, तिथे कुणीतरी बसलाय, शिक्रा नाहीतर पिंगळा. आणि असतोच. मग तो झाडाचे घड्याळ करतो. शेंडा म्हणजे बारा वाजले, उजवी फांदी म्हणजे तीन. “दोन वाजता, खोडाला लागून” असे सांगितले की दुर्बीण तिथे न्यायची. आमच्या दुर्बिणीवर आठ गुणिले बेचाळीस लिहिले आहे. म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढचे भिंग बेचाळीस मिलिमीटरचे असते. पण ती कुठे रोखायची हे भिंगावर लिहिलेले नसते. ते वाटाड्या सांगतो.

त्याच्याशी बोलायला आम्हाला दुभाषा लागत नाही. डांगी बोली आणि आपली अहिराणी सख्ख्या नाहीत तरी चुलत बहिणी आहेत. १९६० साली दोन राज्ये झाली आणि डांग गुजरातेत आला, पण बोलीने काही सीमा पाहिली नाही. आम्ही “कसं काय भो” म्हटले की तो हसतो. तो आम्हाला भाऊ म्हणतो, आम्ही त्याला दादा म्हणतो, जरी तो आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. जंगलात थोरला तोच.

आता ज्या पक्ष्यासाठी आम्ही इतक्या वेळा गेलो त्याची गोष्ट. रानपिंगळा. आमच्या घरी पहिला प्रश्न हाच आला, “घुबड बघायला एवढे पेट्रोल?” घुबड अशुभ म्हणतात. पण लक्ष्मीचे वाहनही घुबडच. बाप्पाचे वाहन मात्र त्याला आवडते, खायला, एवढीच काय ती अडचण.

हा पक्षी पहिल्यांदा मिळाला १८७२ साली, आजच्या छत्तीसगडात. पुढच्या वर्षी ह्यूम साहेबाने त्याचे वर्णन छापले. हेच ह्यूम साहेब पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर काही नमुने मिळाले, त्यातले बरेचसे आपल्या खानदेशात, जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याला. शेवटचा १८८४ साली. मग शंभर वर्षे काही नाही. पक्षी संपला, असे बहुतेकांनी धरले.

पण एक नोंद मधे उभी होती. कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितले होते की १९१४ साली त्याने हा पक्षी तापीकाठच्या मांडवीला मिळवला. मांडवी म्हणजे आपली, सुरत जिल्ह्यातली! इथून बारडोलीमार्गे तासा-सव्वातासावर. त्या नोंदीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या जागी शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला. एक्स-रे काढले, कातडे कसे भरले आणि शिवले ते पाहिले. तेव्हा उघड झाले की तो पक्षी मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला जुना नमुना चोरून, नवे लेबल लावून माइनर्ट्झहागेनने आपला म्हणून खपवला होता. आमच्या खात्यात जुन्या रस्त्याचे माप नव्या बिलात दाखवले तर माणूस घरी जातो. साहेब मात्र मोठा पक्षितज्ज्ञ म्हणून जगला आणि गेला. चोरी सापडली ती तो गेल्यावर तीस वर्षांनी.

मांडवीचे लेबल बाजूला ठेवून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन बाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ सागाच्या निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! शहादा, तळोदा, तोरणमाळ ही नावे ऐकून इथल्या किती जणांना आपले गाव आठवले असेल. आपले आजोबा त्या सागाखालून बैलगाड्या हाकत गेले आणि जगाने संपला म्हटलेला पक्षी वर शेपटी हलवत बसला होता.

नंतर मेळघाट, यावल, तानसा अशा नोंदी होत गेल्या, आणि २०१४ मध्ये तो पूर्णा अभयारण्यातही आढळला. म्हणजे खानदेशातून निघून आपल्यासारखाच तोही गुजरातेत राहतो म्हणायचे. खरे तर तो इथे आधीपासूनच असणार, आपण नंतर आलो. जगात त्याची संख्या एक हजाराच्या आतच मानतात. ढोलीत घरटे करतो, म्हणून त्याला जुनी, जाड झाडे लागतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, याचे डोके जवळजवळ कोरे. पाय जाड आणि पांढऱ्या पिसांचे. आणि हा दिवसाढवळ्या शिकार करतो.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी वाटाड्या थांबला. “ऐका.” दूरवरून दोन वेळा आवाज आला आणि बंद झाला. अर्धा तास थांबलो, काही नाही. आमच्यापैकी एकाने मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज आधीच उतरवून ठेवला होता. तो वाजवला की पक्ष्याला वाटते दुसरा नर हद्दीत घुसला आणि तो समोर येतो. बऱ्याच सहलींत असे करतात. त्याने बटण दाबायच्या आत वाटाड्याने मोबाइलवर हात ठेवला. म्हणाला, “भाऊ, तो त्याचं घर सांभाळतोय. रोज कोणी येऊन तुमच्या दारावर लाथ मारली, तर तुम्ही पोरांना जेवू घालाल की दारात उभे राहाल?”

आम्ही तसेच परत आलो. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही नाराज होतो. परतताना एकजण बोललाही, “पैसे देऊन पक्षी दाखवत नाही म्हणजे काय?” आणि त्याच नाराजीत आम्ही ठरलेल्या आठशेऐवजी त्याच्या हातावर पाचशे ठेवले. तो काही बोलला नाही. वहीत त्या दिवशीचे पक्षी आहेत, तापमान आहे. हे तीनशे रुपये नाहीत. आज इथे नोंदवतो.

यापुढचे सांगायला जड आहे, पण त्यासाठीच उभे राहिलो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठी सहल ठरवली. मंडळातले वीस-बावीस जण, डिसेंबरमधले सलग दोन शनिवार-रविवार. नवरात्रातच वाटाड्याला फोन करून सांगितले, तुझे चार दिवस आमचे. त्याने गावातले आणखी दोघे तयार ठेवले. जेवणाचे त्याच्या घरून ठरले, नागलीच्या भाकरी आणि उडदाचे वरण. डिसेंबर आला. एका घरी लग्न निघाले, कुणाच्या मुलाच्या परीक्षा, बस महाग वाटू लागली. निघायच्या दोन दिवस आधी आम्ही फोन करून सांगितले, “दादा, या वेळी जमत नाही, पुढे बघू.” तो म्हणाला, “बरं भाऊ.” आम्ही फोन ठेवला आणि विसरलो.

जानेवारीच्या शेवटी कामावरून परतताना आमच्यातले दोघे गावाबाहेरच्या उसाच्या रस्त्याने येत होते. तोड चालू होती. कापलेल्या उसामागे गायबगळ्यांची रांग होती, म्हणून गाडी थांबवली. तेवढ्यात उसातून कुणीतरी म्हणाले, “भाऊ, वर बघा, तारेवर कापशी घार.” आवाज ओळखीचा होता. हातात कोयता, डोक्याला फडके, अंगभर पाचटाचे ओरखडे. आमचा वाटाड्या.

तुम्हाला ठाऊक आहे, दिवाळीनंतर आपल्या भागातल्या साखर कारखान्यांचा हंगाम लागला की डांग, नंदुरबार, धुळ्याकडून माणसे ऊस तोडायला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादम उचल देतो, ती एप्रिलपर्यंत फेडायची. आपण रोज त्यांचे पडाव बघतो, प्लास्टिकच्या पाली आणि बाहेर खेळणारी मुले. बघतो म्हणजे आम्ही पक्षी बघायचो तसे, पहिल्या वर्षी.

बोलता बोलता कळले. त्या वर्षी त्याने मुकादमाची उचल नाकारली होती, आमच्या चार दिवसांच्या आणि आणखी एकदोन गटांच्या भरवशावर. पक्ष्यांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच, नोव्हेंबर ते मार्च. दोन्हीकडे माणूस राहू शकत नाही. आमचे रद्द झाले, बरोबरच्या दोघांना त्याने तोंड दिले, घरात खरेदी केलेले धान्य उधारीचे होते. मग अर्ध्या हंगामात, मिळेल त्या बोलीवर तो बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह इथे आला. आपल्या गावात महिनाभर होता. फोन का केला नाही विचारले तर म्हणाला, “काय सांगायचं भाऊ?”

त्याने आम्हाला दोष दिला नाही. पडावाशेजारच्या जुन्या आंब्याकडे बोट करून म्हणाला, “संध्याकाळी इथं पिंगळा बसतो. रानपिंगळा नाही, साधा. पोरीला दाखवलाय.”

त्या वर्षी आम्ही डांगला गेलो नाही. नेणारा इथेच ऊस तोडत होता.

पुढच्या श्रावणात आम्ही सहा जण त्याच्या गावी गेलो. ठरवून गेलो की या वर्षी उचल आम्ही द्यायची. सहा जणांनी वर्गणी काढून आठ सकाळींचे पैसे आगाऊ, ठरलेल्या पूर्ण दराने. रद्द केले तर परत मागायचे नाहीत. पाकीट पुढे केले. तो बराच वेळ बसून राहिला. मग त्याने निम्मे पैसे मोजून परत दिले. म्हणाला, “एवढे नको. तुम्ही नाही आलात तर फेडता येतील एवढेच राहू द्या.”

आम्ही सांगितले, परत मागणारच नाही. तो म्हणाला, “मुकादमही हंगामाच्या सुरुवातीला गोडच बोलतो.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. निम्मे पैसे घेऊन आलो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठपैकी आठ सकाळी आम्ही हजर राहिलो. एकदा एकाला ताप होता, पाच जण गेलो. पाचव्या सकाळनंतर उरलेले निम्मे त्याने न बोलता घेतले.

सातव्या सकाळी, आठ वाजून वीस मिनिटांनी, पाने झडलेल्या सागावर “अकरा वाजता” रानपिंगळा बसला होता. कोणी आवाज वाजवला नव्हता. शेपटी झटक्याने इकडून तिकडे हलवत होता. मग खाली झेपावला, सरडा घेऊन वर आला आणि आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी पाहिले. एकूण अकरा मिनिटे. वहीत नोंद आहे. वाटाड्याने दुर्बीण घेतलीच नाही. तो आमची तोंडे बघत होता.

सगळे छान झाले असे सांगून खाली बसणे सोपे आहे. पण त्याचा भाऊ याही वर्षी कोयता घेऊन येणार आहे, आणि आमच्या सहा जणांच्या आठ सकाळींनी एका घराचा हंगाम पुरता निघत नाही. इतर गट आले म्हणून त्याचे भागले. म्हणून मंडळापुढे आमची विनंती आहे, तीनच गोष्टींची.

एक, या हिवाळ्यात मंडळाची एक बस डांगला जावी, मुलांना घेऊन. मिरवणुकीच्या साउंड सिस्टिमच्या खर्चातून एवढे सहज निघेल, हे खजिनदार मान्य करोत वा न करोत. दोन, वाटाड्यांचे पैसे घासाघीस न करता पूर्ण आणि दिवाळीआधी द्यावेत, कारण उचलीचा निर्णय त्याआधीच होतो. तारीख दिली की ती पाळावी. तीन, ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी फेब्रुवारीत आपल्या गच्चीवर पंधरा मिनिटे बसून दिसतील ते पक्षी मोजावेत. जगभर त्या महिन्यात चार दिवस अशी मोजणी होते, आणि पलसाण्याची गच्चीही त्यात चालते. भारद्वाज, तांबट, वेडा राघू, आंब्यावरचा पिंगळा, सगळे आपल्याकडे आहेत.

आणि ऊसतोड सुरू झाली की पडावावरून जाताना एकदा गाडी हळू करा. त्या पालींत कुणीतरी असा असेल ज्याच्या डोळ्यांना अमेरिकेहून आलेला पाहुणाही दाद देईल. तो आपल्या चहातली साखर तोडत असतो.

वेळ संपली, मुले नाचाचे कपडे घालून तयार आहेत. वही बाप्पाच्या पाटाशेजारी ठेवली आहे. बसने यायचे असेल त्यांनी शेवटच्या पानावर नाव लिहावे. पेन आम्ही बांधून ठेवले आहे, सरकारी पद्धतीने.

गणपती बाप्पा मोरया!